परदेशातली अर्धवट अमेरिकन गाडी सांगली-साताऱ्यात आणायची असेल तर

जाहिरात साधारण अशी असते: १९६७ ची फोर्ड मस्टँग, बॉडी प्रायमरवर, इंजिन 'नुकतंच बांधलेलं', बाकी सामान खोक्यांत, 'नव्वद टक्के काम झालंय'. तयार गाडीच्या मानाने किंमत बरीच कमी. ज्याच्या ओळखीत कुपवाडचा एखादा चांगला डेंटर आणि भरवशाचा लेथवाला आहे, त्याला वाटतं की उरलेलं काम आपल्याकडे स्वस्तात होऊन जाईल.

यातलं अर्धं खरं आहे. अमेरिकेत मजुरी महाग आणि पार्ट स्वस्त. आपल्याकडे नेमकं उलटं. सिलिंडर बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, फ्लोअरचा पत्रा ठोकून बसवणं ही कामं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उत्तम होतात. पण दाराच्या कडेची एक क्रोमची पट्टी मागवायची म्हटली तर तिच्या किमतीवर भाडं, ड्युटी आणि जीएसटी चढतो. म्हणून गाडी निवडताना एकच कसोटी लावा: मजुरी बाकी असलेली गाडी घ्या, पार्ट बाकी असलेली घेऊ नका. आणि तपासायचा क्रम आधी कागद, मग पत्रा, मग सामान, सर्वांत शेवटी इंजिन. नवखे लोक हा क्रम उलटा करतात. इंजिन चालू झाल्याचा व्हिडिओ बघून पैसे पाठवतात आणि कागदापाशी अडकतात.

आधी आपल्याकडचा कायदा

परदेशातून वापरलेली गाडी आणण्याच्या सर्वसाधारण नियमात तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी बसत नाही. जुन्या गाड्यांना वाट आहे ती विंटेज म्हणून. पूर्वी ही सवलत १९५० च्या आधीच्या गाड्यांनाच होती. २०२५ साली डीजीएफटीने (परकीय व्यापार महासंचालनालयाने) ती पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना दिली. म्हणजे १९७३ ची मस्टँग बसते, १९७९ ची ट्रान्स ॲम आज बसत नाही. पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. अमेरिकन 'मॉडेल इयर' आधीच्या वर्षीच सुरू होतं, १९६७ ची मस्टँग १९६६ च्या उत्तरार्धातच विकायला आली होती. तेव्हा काठावरच्या गाडीसाठी मॉडेल इयरवर विसंबू नका, पहिल्या नोंदणीचा जुना कागद मागा.

नोंदणीची बाजू २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. नियम ८१-अ आणि पुढचे वाचाच. त्यातली एक अट अर्धवट गाडी घेणाऱ्याने पाठ करावी अशी आहे: गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. आता जाहिराती पुन्हा बघा. कुणी मूळ इंजिन काढून आजकालचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवलंय, कुणी सपाट छताच्या कूपेवर (दोन दारांच्या गाडीवर) फास्टबॅकचं, म्हणजे मागे उतरत जाणारं छत वेल्ड केलंय, कुणी अख्खी नवी बनवलेली बॉडी आणून तिच्यावर जुन्या गाडीचा नंबर लावलाय. अमेरिकेत असे प्रकार सर्रास दिसतात, पण तीच गाडी आपल्याकडे विंटेज नोंदणीला अडते. पैसे पाठवण्याआधी फोटो आणि नंबर घेऊन मोटार वाहन निरीक्षकाशी बोला. सांगलीत एमएच १०, साताऱ्यात एमएच ११, कराडला एमएच ५०. ज्या कार्यालयात नोंदणी करणार तिथेच विचारा.

डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची फार जणांना धास्ती वाटते, ती विनाकारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार अशा गाडीला विहित प्रकारचं, चालू स्थितीतलं सिग्नल दाखवणारं साधन लागतं. स्टिअरिंग उजवीकडे आणण्याच्या फंदात पडू नका. फायरवॉल कापावी लागते, जोडण्या बदलतात आणि गाडीचं मूळ स्वरूपच जातं.

टायटल

अमेरिकेत मालकीचा कागद म्हणजे टायटल, आणि तो प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने देतं. त्यावरचं नाव विकणाऱ्याचंच आहे ना, हे पहिलं बघा. बऱ्याचदा मधल्या माणसाने गाडी घेतलेली असते, स्वतःच्या नावावर केलेलीच नसते आणि आधीच्या मालकाच्या सहीचं टायटल तो पुढे सरकवतो. अशा कागदावर बंदरात अडचण येते. टायटलवर 'सॅल्व्हेज', 'जंक' किंवा 'पार्ट्स ओन्ली' असा शेरा असेल तर तिथेच थांबा. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरल्याचं पत्र हवं.

'आमच्या राज्यात जुन्या गाडीला टायटल देतच नाहीत' हे उत्तर दर वेळी खोटं नसतं. न्यूयॉर्क राज्य १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल देत नाही, तिथे मालकी नोंदणीच्या कागदावरच बदलते. पण मग तो नोंदणीचा मूळ कागद तरी हातात पाहिजे. नुसत्या बिलावर गाडी घेऊ नका. अमेरिकन कस्टम्सला गाडी बाहेर जाण्याच्या किमान ७२ तास आधी मालकीचे मूळ कागद बंदरात दाखवावे लागतात. कागद नसेल तर गाडी तिथेच गोदामात राहते आणि भाडं तुमच्या नावावर चढत जातं.

नंबर कुठे असतो आणि कसा नाहीसा होतो

१९८१ पूर्वीचे नंबर आजच्यासारखे सतरा आकड्यांचे नव्हते, प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. मस्टँगचंच घेऊ. १९६७ च्या गाडीवर 7R02C ने सुरू होणारा नंबर असेल तर 7 म्हणजे १९६७, R म्हणजे सॅन होजेचा कारखाना, 02 म्हणजे फास्टबॅक आणि C म्हणजे २८९ घनइंचाचं, दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं व्ही-एट. पुढचे सहा आकडे क्रमांकाचे. नंबरात 01 आहे आणि समोर फास्टबॅक उभी आहे, म्हणजे छत बदललंय. C च्या जागी T असेल तर ती गाडी जन्माने सहा सिलिंडरची.

सहा सिलिंडरच्या मस्टँगमध्ये नंतर व्ही-एट घातलंय का, हे चाकावरूनही कळतं. मूळ सहा सिलिंडरला चाकाला चार बोल्ट, व्ही-एटला पाच. नुसतं इंजिन बदलून चार बोल्टांचे हब, लहान ब्रेक ड्रम आणि हलकं मागचं ॲक्सल तसंच ठेवलेलं असेल तर ती गाडी जोरात पळेल आणि वेळेवर थांबणार नाही.

आता नंबराची जागा. १९६५ ते ६७ च्या मस्टँगमध्ये तो बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या ॲप्रनच्या (फेंडरच्या आतल्या पत्र्याच्या) वरच्या पट्टीवर ठोकलेला असतो. १९६८ पासून काचेतून दिसणारी पट्टी डॅशवर आली. हा ॲप्रन नेमका अपघाताने खराब होणाऱ्या भागात येतो. अर्धवट गाडीत तो बऱ्याचदा नवा बसवलेला असतो, आणि जुन्या पत्र्याबरोबर नंबर भंगारात गेलेला असतो. दारावरची ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने लावलेली असते, ती कुणीही काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतं. म्हणून विकणाऱ्याकडून ॲप्रनवरच्या नंबराचा सूर्यप्रकाशात जवळून काढलेला फोटो मागा. आजूबाजूला वेल्डिंगची रेघ, ग्राइंडरच्या खुणा किंवा वेगळ्या वळणाचे आकडे दिसले तर तो सौदा सोडून द्या. फेंडरखाली याच नंबराच्या आणखी खुणा असतात. फेंडर आधीच उतरवलेले असतील तर त्यांचेही फोटो घ्या. अर्धवट गाडीचा हा एक खरा फायदा आहे.

शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकवर (लहान आकाराच्या व्ही-एट इंजिनावर) नंबराची चपटी जागा उजव्या हेडच्या समोर, ब्लॉकच्या पुढच्या टोकाला असते आणि कास्टिंग नंबर मागे बेलहाउसिंगजवळ, म्हणजे गिअरबॉक्सच्या जोडापाशी. दोन्हींचे फोटो घ्या.

पत्रा

प्रायमर म्हणजे तयारी झाली, असं समजू नका. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, हवेतला ओलावा आत ओढतो. तीन-चार वर्षं नुसत्या प्रायमरवर उभी असलेली गाडी वरून गुळगुळीत दिसते आणि आत गंज पसरलेला असतो. तिचा रंग पूर्ण उतरवावाच लागतो, म्हणजे 'झालेल्या' नव्वद टक्क्यांतलं रंगाचं काम शून्यावर येतं. इपॉक्सी प्रायमर मारला असेल तर परिस्थिती बरी असते. कोणता मारला आणि कधी मारला, त्याची बिलं मागा.

पुट्टी किती भरली आहे हे बघायला फ्रिजवर लावतात तसा कमजोर चुंबक पुरतो. मागच्या चाकाभोवती, दाराखाली आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यात तो चिकटत नसेल तर खाली पत्रा नाही. मस्टँगला आणखी एक चाचणी आहे. काचेसमोरच्या जाळीत पाइपने पाणी सोडायला सांगा आणि कॅमेरा डॅशखाली धरायला सांगा. पाणी पायाशी टपकलं तर आतला काउल (काचेखालचा पोकळ पत्रा) कुजलाय. ते काम करायला पुढचा सगळा भाग उघडून शेकडो स्पॉट वेल्ड ड्रिलने काढावे लागतात. त्याशिवाय शॉक टॉवरला (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर बसतात त्या भागाला) गेलेले तडे, टॉर्क बॉक्स (रेल दाराखालच्या पट्टीला जोडणारे भाग) आणि फ्लोअरखालच्या रेल बघा. चासीवर बसणाऱ्या मोठ्या शेवरले आणि कॅडिलॅकमध्ये मागच्या चाकांमागची चासी आणि बॉडी माउंट हे नाजूक भाग.

फ्लोअर नवा घातलेला असेल तर तो घालताना बॉडीला आतून आधार दिला होता का, हे विचारा. विशेषतः कन्व्हर्टिबलला. आधार न देता फ्लोअर कापला की गाडी मधून खचते आणि दारं कायमची बिघडतात. दाराची फट वर आणि खाली सारखी आहे का, हे पट्टी लावून मोजायला सांगा.

खोक्यांतलं सामान

पैसा सगळ्यात जास्त इथे बुडतो, म्हणून इथे घाई करू नका. दुसऱ्याने खोललेल्या गाडीत काय नाही, हे फोटोत दिसत नाही. विकणारा म्हणतो 'सगळं आहे', आणि त्याचा तसा समजही असतो. पण गाडी त्याने तिसऱ्या माणसाकडून घेतलेली असते.

त्या मॉडेलचं कारखान्याचं असेंब्ली मॅन्युअल विकत घ्या, ती पुनर्मुद्रित मिळतात. त्यावरून यादी बनवा आणि विकणाऱ्याला एकेक वस्तू जमिनीवर मांडून फोटो काढायला लावा. ही विनंती जो टाळतो त्याच्याकडे सामान पूर्ण नसतं. यादीत मोठ्या वस्तूंपेक्षा लहान वस्तूंना जागा द्या: दाराचे बिजागर, काच वर-खाली करणारं रेग्युलेटर, विंडशील्डभोवतीची मोल्डिंग आणि तिच्या क्लिपा, बंपरचे ब्रॅकेट, बॉनेटचं लॉक, हीटर बॉक्स, पेडलचं असेंब्ली, स्टिअरिंग कॉलमचे तुकडे, डॅशमधल्या मीटरमागचं सर्किट, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगचे ब्रॅकेट. ब्रॅकेट तर हमखास गहाळ असतात.

मस्टँग, कॅमारो आणि १९५५ ते ५७ ची शेवरले यांचे जवळजवळ सगळे पार्ट नवे बनतात. त्याच काळातली ब्यूइक, मर्क्युरी किंवा चार दारांची प्लिमथ स्वस्त मिळते, कारण तिची मोल्डिंग आणि काचा कुणी बनवत नाही. पहिलीच गाडी असेल तर स्वस्ताच्या मागे लागून दुसऱ्या गटात जाऊ नका.

नंतर मागवू, या हिशोबात कुरिअरचं वजन विसरलं जातं. कुरिअर घनफळावर वजन धरतो: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची. समजा फेंडरचं खोकं १५० × ७५ × ३० सेंटिमीटरचं आहे, तर भाडं साडेसदुसष्ट किलोचं लागेल, फेंडर हाताने सहज उचलण्याइतका हलका असला तरी. म्हणून जे हवं ते तिथेच विकत घ्या, विकणाऱ्याच्या पत्त्यावर पोचवा आणि गाडीबरोबरच आणा. त्याचं बिल आणि पॅकिंग लिस्टमधली नोंद मात्र हवीच. डिकीत न दाखवलेलं सामान कस्टममध्ये निघालं तर सगळ्या मालाबद्दल संशय येतो.

इंजिन

'बांधलेलं' म्हणजे काय केलं, ते मशीन शॉपच्या बिलावर बघा. फोर्डच्या २८९ आणि ३०२ चं मूळ बोअर ४ इंच, शेवरलेच्या ३५० चंही तेच. एकदा .०३० इंच वाढवलेलं असेल तर पुढे वाव आहे, .०६० वर गेलेलं असेल तर पुढच्या वेळी स्लीव्ह टाकावे लागतील. बांधून कधीच चालू न केलेलं इंजिन वर्षानुवर्षं पडून असेल तर ते पुन्हा खोलायचंच, असं धरून चाला. बेअरिंगवरचं असेंब्ली ल्युब ओघळून गेलेलं असतं, सील कडक झालेले असतात आणि उघड्या व्हॉल्व्हमधून आलेल्या दमट हवेने एखाद्या सिलिंडरला गंजाचं कडं पडतं. हे काम इथे होतं, म्हणून इंजिनावरून सौदा मोडू नका. भावात मात्र 'नव्या इंजिना'चे पैसे देऊ नका.

पैसे आणि जहाज

फोटो चोरून लावलेल्या जाहिराती पुष्कळ असतात. त्या शहरातला स्वतंत्र तपासनीस पैसे देऊन पाठवा. तो टायटल हातात धरून फोटो काढेल. रक्कम बँकेच्या परकीय चलन विभागातून आयातीच्या कारणानेच पाठवा. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) नंतर त्याच बँकेला द्यावं लागतं.

रोरो जहाजाला (ज्यात गाडी चालवत चढवतात) सहसा चालती गाडी लागते आणि आत सुटं सामान ठेवू देत नाहीत, म्हणून अर्धवट गाडी कंटेनरमधून आणा. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर. १९६७ ची मस्टँग पावणेपाच मीटरच्या आत बसते आणि खोक्यांना जागा उरते. १९५९ ची कॅडिलॅक ५.७ मीटरची, तिला चाळीस फुटी घ्या. टेकूच्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा, नाहीतर माल अडकतो.

'बॉडी वेगळी, इंजिन वेगळं, पार्ट म्हणून आणा, ड्युटी वाचेल' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. टॅरिफच्या वर्गीकरणाचा नियम २(अ) सांगतो की अपूर्ण किंवा सुटी केलेली वस्तू, तिच्यात पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप असेल तर, पूर्ण वस्तूच धरायची. दोन खेपांत आणलेली गाडीही तपासात जुळवली जाते. चुकीची माहिती दिली तर कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त होतो, वर दंड वेगळा. ड्युटी गाडीच्या किमतीवर नाही, तर किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. त्या दिवसाचा दर न्हावा-शेवाच्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या आणि मगच गाडीचा भाव बोला.

सांगलीत उतरल्यावर

कंटेनर गल्लीत येणार नाही. गाडी बंदराजवळच्या फ्रेट स्टेशनवर उतरवून फ्लॅटबेडवर चढवा आणि पट्टे ॲक्सलला बांधा, बॉडीला नको. खंबाटकी उतरताना सैल पट्टा महागात पडतो.

जागा निवडताना पूररेषा बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. गावभाग किंवा शामरावनगरच्या तळमजल्यावर खोललेली गाडी आणि पुठ्ठ्याची खोकी ठेवू नका. कुपवाड-मिरजेच्या उंच भागात शेड घ्या. साताऱ्याकडे पुराचा प्रश्न कमी, पण पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो. रंग उतरवल्या दिवशीच इपॉक्सी मारता येईल अशा बेतानेच काम धरा, शक्यतो दिवाळीनंतर.

एमआयडीसीतल्या ब्लास्टिंगवाल्यांना कास्टिंगची सवय असते. त्या दाबाने बॉनेट किंवा छत ब्लास्ट केलं तर पत्रा लाटा धरतो आणि सरळ होत नाही. चासी, सस्पेंशन आणि ब्रॅकेट तिकडे द्या, मोठे सपाट पत्रे मात्र केमिकलने किंवा हाताने उतरवा.

पाने इंची लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना चालवला की बोल्टची डोकी गोल होतात. जुन्या जीपवर काम करणाऱ्या मिस्त्रींकडे इंची पाने आणि यूएनएफ (बारीक इंची) आट्याचे टॅप-डाय अजून सापडतात. असा मिस्त्री आधी शोधा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवा आणि प्रेशर येऊ द्या. स्मॉल ब्लॉक फोर्डला घड्याळाच्या उलट दिशेने, शेवरलेला घड्याळाच्या दिशेने. नवा फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याचे टॅपेट रोलरशिवाय थेट कॅमवर घासत चालतात) असेल तर झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला आणि चालू होताच वीस-तीस मिनिटं सुमारे २००० आरपीएमवर ठेवा. आयडलवर सोडलं तर कॅमचे लोब पहिल्या दिवशीच घासतात. आपल्या पंपांवरच्या ई-२० पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगून फुटतात, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला आणि कार्ब्युरेटरचं किट बदला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल पाणी ओढतं.

नोंदणीला अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि बिल ऑफ एंट्री. नव्या विंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,०००. नंबर 'व्हीए' मालिकेतला मिळतो. या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणायची. तपासणीला जाताना ॲप्रनवरच्या नंबराचे काम सुरू होण्याआधीचे फोटो, मशीन शॉपची बिलं आणि टायटलची प्रत एका फाइलमध्ये लावून न्या. गाडीचं स्वरूप मूळ आहे हे तिथे तुम्हालाच दाखवून द्यायचं असतं.